पॅनलमधला छोटा डबा : औद्योगिक नेटवर्कची उपकरणं निवडताना

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारची पाळी संपत आली होती. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप हलू लागला आणि एकामागून एक उपकेंद्रांचे ब्रेकर उघडत गेला. थोड्याच वेळात तीन वितरण कंपन्यांचे मिळून सुमारे २,२५,००० ग्राहक ऐन हिवाळ्यात विजेविना होते.

या घटनेविषयी लिहिणारे बहुतेक जण त्या हलणाऱ्या कर्सरपाशी थांबतात. मला त्यानंतर घडलेलं जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रेकर उघडून झाल्यावर हल्लेखोरांनी उपकेंद्रांमधल्या सिरीयल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचं मूळ फर्मवेअर पुसलं आणि त्या जागी निकामी फर्मवेअर चढवलं. कन्व्हर्टर म्हणजे तळहातावर मावेल एवढा डबा. उपकेंद्रातली जुनी उपकरणं आरएस-२३२ किंवा आरएस-४८५ वर बोलतात, नियंत्रण कक्ष इथरनेटवर. दोघांमधला दुवा म्हणून हा डबा बसवलेला असतो. तो मेला आणि नियंत्रण कक्षाचा हातच तुटला. ब्रेकर पुन्हा जोडण्याचा आदेश द्यायला मार्ग उरला नाही. शेवटी माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि हाताने ब्रेकर जोडले. काही तासांत वीज आली, पण डबे बदलून दूरनियंत्रण पूर्ववत व्हायला त्यानंतर बराच काळ गेला. हल्लेखोर आत शिरले तेही दुसऱ्या एका उपकरणाच्या वाटेने. चोरलेले पासवर्ड वापरून ते व्हीपीएनमधून आले, आणि त्या व्हीपीएनवर पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही पडताळणी नव्हती.

हे पुस्तक अशा डब्यांविषयी आहे. स्विच, राउटर, फायरवॉल, कन्व्हर्टर, वायरलेस ॲक्सेस पॉइंट, सिमकार्डवर चालणारा मोडेम. कारखान्याच्या खरेदीत पीएलसी कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर बैठकांवर बैठका होतात, ड्राइव्हचे डेमो होतात, आणि हे डबे मात्र मटेरियलच्या यादीत शेवटी, केबल ट्रे आणि ग्लँडच्या आसपास येतात. पुष्कळदा पॅनल बिल्डरच आपल्याला परवडेल तो स्विच लावून देतो आणि कमिशनिंगच्या दिवशी दिवे हिरवे लुकलुकले की त्याच्याकडे कोणी पुन्हा पाहत नाही. पीएलसीच्या निवडीला आपण जेवढं गांभीर्य देतो तेवढं या डब्यांनाही द्यायला हवं, असं मी ठामपणे मानतो. त्याचं कारण औद्योगिक नेटवर्कच्या जन्मातच आहे.

मॉडबस हा प्रोटोकॉल मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणला. आजही पाणीपुरवठ्याच्या पंपापासून बॉयलरपर्यंत तो सर्वत्र आहे, आणि साधेपणामुळेच टिकला आहे. पण त्यात 'तू कोण?' हा प्रश्नच नाही. रजिस्टर वाचण्याचा किंवा त्यात नवा आकडा लिहिण्याचा आदेश आला की समोरचं उपकरण तो पाळतं, मग आदेश स्काडाकडून आलेला असो वा एखाद्या पाहुण्याच्या लॅपटॉपवरून. त्या काळी ही चूक नव्हती. केबल एका पॅनलमधून निघून दुसऱ्या पॅनलमध्ये संपत होती आणि दोन्ही पॅनलांना कुलूप होतं. नंतरचे बरेच औद्योगिक प्रोटोकॉल याच विश्वासावर उभे राहिले. मग इथरनेट आलं, उत्पादनाचे आकडे ईआरपीला हवेसे झाले, मशीनच्या मूळ उत्पादकाला परदेशातून ड्राइव्हची पॅरामीटर पाहायची होती. केबल कुलपाबाहेर गेली. आतल्या उपकरणांचा स्वभाव तोच राहिला. ही जुनी उपकरणं पुढची दहा-पंधरा वर्षं तरी चालणार आहेत आणि त्यांना ओळख विचारायला शिकवणं बहुतेक ठिकाणी शक्य नाही. म्हणून 'तू कोण, आणि तुला इथे काय काम?' हे विचारण्याची एकमेव जागा त्यांच्या वाटेवरचा डबा ही आहे.

वाट किती लांबची असू शकते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम पसरला. मेअर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जगभरातलं नेटवर्क त्याने कोलमडवलं आणि त्याच समूहाकडे असलेल्या न्हावा शेवा बंदरातल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. उरणच्या रस्त्यावर कंटेनर घेऊन थांबलेल्या ड्रायव्हरचा युक्रेनमधल्या करविवरणपत्रांशी काय संबंध? संबंध एवढाच, की मधल्या कोणत्याही जोडावर 'ही रहदारी इथून पुढे जाणार नाही' असं म्हणणारं काही नव्हतं.

मात्र सुरक्षितता म्हटलं की फक्त शत्रू डोळ्यांसमोर आणणं मला पटत नाही. १९ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचं तिसरं युनिट ऑपरेटरना हाताने बंद करावं लागलं. पाणी फिरवणारे दोन्ही पंप थांबले होते. पंपांच्या व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्हचे कंट्रोलर नेटवर्कवरच्या अतोनात रहदारीमुळे गोठले होते. कोणी हल्ला केल्याचा पुरावा नव्हता. आपल्याकडे एखाद्या मेंटेनन्सवाल्याने घाईत पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खुपसली, तरी असंच वादळ उठतं आणि सगळी लाइन थांबते. लूप ओळखून पोर्ट बंद करणारा, एका पोर्टवरून किती ब्रॉडकास्ट येऊ द्यायचं याची मर्यादा घालू देणारा स्विच असेल तर ते वादळ तिथल्या तिथे संपतं. जो स्विच हल्लेखोराला अडवू शकतो तोच साधारणपणे आपल्या स्वतःच्या चुकीलाही अडवतो. व्यवस्थापनाला पैसे मागताना मी हीच बाजू आधी मांडतो, कारण हल्ला होईल का यावर वाद होतो, चूक होईल का यावर होत नाही.

निवडीची सुरुवात कुठून करायची? कॅटलॉगमधून नको. आधी कागदावर नकाशा काढायचा: कारखान्यात कोणकोणती उपकरणं आहेत, कोण कोणाशी बोलतं आणि का बोलतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि प्रत्येक वेळी त्यात आश्चर्यं निघतात. कुठल्याशा कन्व्हेयरच्या पॅनलमध्ये मोडेम सापडतो, बंद पडलेल्या वजनकाट्याचा संगणक अजून स्काडाला चिकटलेला दिसतो, ऑफिसचं वाय-फाय पॅकिंग लाइनच्या स्विचमधून घेतलेलं निघतं. औद्योगिक सुरक्षेची आयईसी ६२४४३ ही मानकमाला याच नकाशावर उभी आहे. सारख्या जोखमीची उपकरणं एका झोनमध्ये ठेवायची, आणि दोन झोनमधला प्रत्येक संवाद ठरवून दिलेल्या, राखलेल्या मार्गानेच जाऊ द्यायचा. असे मार्ग म्हणजे कॉन्ड्युट. फायरवॉल कुठे लागेल, कुठे नुसता व्हीएलॅन पुरेल, कुठे काहीच लागणार नाही, हे त्या रेषा काढल्यावर आपोआप दिसू लागतं. नकाशाआधी उपकरण घेतलं तर ते कुठेतरी बसवलं जातं, एवढंच.

नकाशावर हमखास भेटणारी एक अडचण सांगायला हवी, कारण ती कॅटलॉगमध्ये शोधावी कशी हे कळत नाही. मशीन बनवणारा एकाच प्रकारची पाच मशीन देतो आणि पाचही मशीनच्या पीएलसीचा आयपी पत्ता एकच असतो, कारण त्याचा प्रोग्राम एकच असतो. पाचही एका नेटवर्कला जोडायची तर पत्ते भांडतात. बदलायला गेलं तर मशीनवाला वॉरंटीचं नाव काढतो. अशा वेळी प्रत्येक मशीनच्या तोंडाशी पत्ता बदलून देणारा, म्हणजे एकास एक नॅट करणारा छोटा राउटर लागतो. तोच जर फायरवॉलचंही काम करणारा निवडला, तर गरजेपोटी येणाऱ्या त्याच खर्चात प्रत्येक मशीन स्वतंत्र झोन होतं. फक्त नॅटलाच सुरक्षा समजू नये. ते पत्ता बदलतं, हेतू तपासत नाही.

मॅनेज्ड स्विच घ्यावा की साधा, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. साध्या स्विचमध्ये लॉगइनच नसतं, त्यामुळे त्याला फोडताही येत नाही, असं म्हणणारे भेटतात आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. कुलूपबंद मशीन पॅनलच्या आत एक पीएलसी, एक एचएमआय आणि दोन ड्राइव्ह जोडायचे असतील तर साधा स्विच चालतो. पण जिथे दोन पॅनल एकमेकांना भेटतात तिथे तो चालत नाही. रिकामी पोर्ट बंद करता आली पाहिजेत. कोणत्या पोर्टवर कोणतं उपकरण आहे हे कळलं पाहिजे, ते बदललं तर सूचना आली पाहिजे. इथरनेट-आयपीसारख्या प्रोटोकॉलची मल्टिकास्ट रहदारी ज्याला हवी त्यालाच देणारं आयजीएमपी स्नूपिंग हवं. नेटवर्कवर नजर ठेवायची झाली तर रहदारीची प्रत काढून देणारं मिरर पोर्ट हवं. आणि मॅनेज्ड स्विच घेऊन त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवायचा असेल, टेलनेट चालू आणि एसएनएमपीचा परवलीचा शब्द 'पब्लिक' तसाच राहू द्यायचा असेल, तर साधा स्विचच परवडला. त्याने निदान हल्लेखोराला फुकटचं हत्यार दिलं नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामध्ये ॲलिक्विपा गावच्या पाणीपुरवठा केंद्रातला एक कंट्रोलर इंटरनेटवर उघडा होता. त्या मालिकेतल्या कंट्रोलरचा मूळ पासवर्ड ११११ हा सगळ्या जगाला माहीत होता. हल्लेखोरांना त्याहून अधिक काही लागलं नाही. म्हणून पहिल्या लॉगइनलाच पासवर्ड बदलायला भाग पाडणारं, जुन्या असुरक्षित सेवा बंद ठेवूनच येणारं उपकरण मी पसंत करतो. शिस्त माणसावर सोडण्यापेक्षा डब्यातच असलेली बरी.

फायरवॉलच्या बाबतीत दोन गोष्टींकडे लक्ष हवं. सर्वसाधारण फायरवॉल पोर्ट पाहते. मॉडबस टीसीपी ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. ते उघडलं की वाचणंही आत आणि लिहिणंही आत. ऑफिसमधल्या रिपोर्ट सर्व्हरला उत्पादनाचा आकडा फक्त वाचायचा असतो. मॉडबसची भाषा कळणारी फायरवॉल फंक्शन कोड पाहून ३ ला, म्हणजे वाचण्याला, परवानगी देते आणि ६ किंवा १६ ला, म्हणजे लिहिण्याला, दारातच अडवते. हा फरक किमतीत दिसतो, पण ज्या कॉन्ड्युटवर फक्त वाचनच व्हायला हवं तिथे तो पैसा मी निःशंकपणे खर्च करायला सांगेन. दुसरी गोष्ट वेळेची. सर्व्हो अक्षांना जोडणाऱ्या प्रोफिनेटच्या समकालिक संवादाचं चक्र एका मिलिसेकंदाच्या किंवा त्याहून कमी वेळात फिरतं. तिथे मध्ये फायरवॉल घातली तर मशीन चालणारच नाही. तिची जागा सेलच्या सीमेवर, आतल्या संवादाच्या वाटेत नाही. पर्यायी मार्गाचंही तसंच. रिंगमधली एक केबल तुटली तर एमआरपी या पद्धतीत पन्नास स्विचपर्यंतची रिंग २०० मिलिसेकंदांच्या आत सावरते. पंपिंग स्टेशनला ते पुरून उरतं. उपकेंद्राच्या संरक्षण रिलेंना पुरत नाही, तिथे एकही पॅकेट न गमावणारं पीआरपी किंवा एचएसआर लागतं.

सगळ्यात वाईट फायरवॉल म्हणजे 'सगळ्यांना सगळीकडे जाऊ द्या' असा एकच नियम असलेली. कमिशनिंगच्या रात्री काहीतरी चालेना म्हणून तो नियम टाकला जातो, उद्या काढू म्हणून ठरतं, आणि वर्षानुवर्षं तो तिथेच राहतो. फायरवॉल आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात. निवड करताना म्हणूनच मी विचारतो, की या डब्याला काही दिवस नुसतं ऐकत ठेवून प्रत्यक्ष रहदारीवरून नियम सुचवता येतात का, आणि नियम लागू करण्याआधी 'हे अडवलं असतं' एवढंच सांगणारी चाचणी अवस्था आहे का. या दोन सोयी असल्या तर कमिशनिंगच्या रात्रीची घाई पुष्कळ कमी होते.

आता उपकरणाच्या पोटातल्या विश्वासाविषयी. रगेडकॉम ही कॅनडाची कंपनी. तिचे स्विच वीज उपकेंद्रांत, रेल्वेत, अत्यंत खडतर जागी चालत आणि त्यांची ख्याती होती. एप्रिल २०१२ मध्ये एका स्वतंत्र संशोधकाने उघड केलं, की त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 'फॅक्टरी' नावाचं एक लपलेलं खातं आहे आणि त्याचा पासवर्ड त्या स्विचच्या मॅक पत्त्यावरून गणिताने काढता येतो. मॅक पत्ता लॉगइनच्या पडद्यावरच दिसत होता. संशोधकाने हे ईबेवरून जुने स्विच विकत घेऊन, घरी बसून शोधलं होतं आणि वर्षभर आधी कंपनीला कळवलं होतं. थर्मामीटरवर, कंपनाच्या टेबलावर, विजेच्या धक्क्यांत हा स्विच उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला असता. त्या परीक्षांमध्ये हा प्रश्न नव्हताच.

आता तो प्रश्न परीक्षेत आला आहे. आयईसी ६२४४३ च्या दोन भागांची नावं खरेदीवाल्यांनी लक्षात ठेवावीत. २०१९ चा ४-२ हा भाग उपकरणात काय असलं पाहिजे ते सांगतो आणि नेटवर्क उपकरणांसाठी त्यात वेगळ्या अटी आहेत. २०१८ चा ४-१ हा भाग उत्पादक आपलं सॉफ्टवेअर कोणत्या शिस्तीने लिहितो, तपासतो आणि दुरुस्त करतो, याविषयी आहे. सुरक्षेच्या चार पातळ्या आहेत: पहिली सहज घडणाऱ्या चुकांसाठी, दुसरी साध्या साधनांनिशी मुद्दाम केलेल्या प्रयत्नांसाठी, तिसरी या क्षेत्राची जाण असलेल्या हल्लेखोरासाठी, चौथी भरपूर साधनं आणि चिकाटी असलेल्यांसाठी. माहितीपत्रकावर '६२४४३ अनुरूप' असं छापलेलं असतं तेव्हा कोणता भाग, कोणती पातळी, प्रमाणपत्र कोणाचं आणि कोणत्या फर्मवेअर आवृत्तीला, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. मला विचाराल तर दोन्हींपैकी एकच प्रमाणपत्र मिळणार असेल तेव्हा मी ४-१ कडे झुकेन. आजच्या डब्यात काय आहे यापेक्षा उद्या त्यात दोष सापडल्यावर उत्पादक काय करील, हे मला जास्त जाणून घ्यायचं असतं.

दोष सापडणारच. उत्पादकाच्या संकेतस्थळावर सुरक्षा सूचनांचं पान आहे का, ते आधी पाहावं. ते पान भरलेलं दिसलं तर पुष्कळ जण बिचकतात आणि ज्याच्याकडे एकही सूचना नाही त्याला सुरक्षित समजतात. हे उलटं आहे. सूचना काढणाऱ्याकडे दोष शोधणारी, ऐकून घेणारी आणि दुरुस्त करणारी माणसं आहेत. दोष कळल्यापासून दुरुस्ती यायला किती दिवस लागले, जुन्या मॉडेललाही दुरुस्ती मिळाली का, हे त्या पानावर तारखांसकट वाचता येतं. फर्मवेअरवर उत्पादकाची डिजिटल सही असते का आणि सही जुळली नाही तर डबा ते नाकारतो का, आतल्या सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी मिळते का, अपडेटला लाइन किती वेळ बंद ठेवावी लागते, नवी आवृत्ती बिघडली तर जुनीवर परतता येतं का, हेही विचारावं. आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं. २०२० मध्ये एफ-सिक्युअरच्या तंत्रज्ञांनी सिस्को स्विचच्या बनावट प्रतींचा तपास जाहीर केला होता. त्या प्रती सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर बंद पडल्या म्हणून उघडकीला आल्या. तोवर त्या बिनबोभाट चालत होत्या.

आयुष्याचा हिशेब इथेच येतो. ऑफिसचा राउटर पाच वर्षांत बदलतो. कारखान्यातला पंधरा वर्षं पॅनलमध्ये असतो. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला आणि त्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यात सुरक्षा दुरुस्त्या देण्याचा काळ साधारणपणे किमान पाच वर्षं धरला आहे. पाच आणि पंधरा यांतली दरी करारानेच भरून काढावी लागेल. पुण्यातून, नाशिकमधून, कोल्हापुरातून युरोपला मशीन पाठवणाऱ्यांनी तर हा कायदा आपलाच समजून वाचावा, कारण नेटवर्कला जोडलं जाणारं मशीन त्यांच्या नावाने विकलं जाणार आहे. वार्षिक लायसन्सवर चालणाऱ्या फायरवॉलबद्दल एक प्रश्न कधीही विसरू नये: लायसन्स संपलं त्या दिवशी ती काय करते? नव्या धोक्यांची माहिती घेणं थांबवते, की रहदारीच थांबवते?

सुरक्षेच्या पुस्तकांत उष्णतेला जागा नसते, पण माझ्या मते ती पहिल्या प्रकरणात हवी. फाउंड्रीच्या शेडमध्ये मे महिन्यात बंद पॅनलच्या आतला पारा ५५-६० अंशांना सहज टेकतो. धूळ धातूची असते. ऑफिससाठी बनवलेली, पंखा असलेली फायरवॉल तिथे बसवली की पंखा काही महिन्यांत घोगरा होतो आणि मग ती अधूनमधून गोठू लागते. रात्री दोन वाजता लाइन उभी राहिल्यावर तिसऱ्या पाळीतला इलेक्ट्रिशियन काय करील? फायरवॉलच्या दोन्ही केबल काढून एकमेकींना जोडून देईल, लाइन चालू होईल, आणि सकाळी सुपरवायझर त्याला शाबासकी देईल. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या हातात लाइन चालू करण्याची जबाबदारी होती आणि त्याने ती पाळली. चूक ज्याने तो डबा तिथे निवडला त्याची आहे. पंखा नसलेला, उणे ४० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा, दोन स्वतंत्र २४ व्होल्ट पुरवठे घेणारा, डिन रेलवर बसणारा, बिघडला तर रिलेच्या संपर्कातून पॅनलचा दिवा लावणारा डबा महाग असतो. पण सुरक्षा त्याच्यामुळेच टिकते, कारण त्याला वगळण्याची वेळ कोणावर येत नाही.

त्याच इलेक्ट्रिशियनसाठी आणखी एक गोष्ट शोधावी. काही उपकरणांत सगळी मांडणी एका काढता येणाऱ्या मेमरी कार्डवर असते. डबा जळाला तर स्टोअरमधला स्पेअर काढायचा, जुन्यातलं कार्ड नव्यात घालायचं, वीज द्यायची. लॅपटॉप नको, पासवर्ड नको, इंजिनिअरला झोपेतून उठवणं नको. कार्डवरची माहिती एन्क्रिप्ट केलेली असावी आणि पॅनलला कुलूप असावं, एवढी काळजी घेतली की ही सोय मी मोठमोठ्या वैशिष्ट्यांच्या वर ठेवतो.

दूरवरून येणाऱ्या वाटा मात्र मनापासून काळजी करण्याजोग्या आहेत. आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये परदेशी मशीनच्या पॅनलमध्ये सिमकार्डचा राउटर असणं आता नेहमीचं झालं आहे. तो मशीनवाल्याचा असतो, त्याचा पासवर्ड त्याच्याकडे असतो, आणि फॅक्टरीच्या फायरवॉलला त्याचा पत्ताही नसतो. जानेवारी २००३ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात स्लॅमर हा वर्म असाच एका कंत्राटदाराच्या, फायरवॉलला वळसा घालणाऱ्या जोडणीतून आला आणि सुरक्षेची मापं दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली. सुदैवाने रिॲक्टर तेव्हा बंद होता. अशा राउटरच्या निवडीत मी एका साध्या सोयीचा आग्रह धरतो: पॅनलवर किल्लीचा स्विच, जो राउटरच्या डिजिटल इनपुटला जोडलेला असेल. किल्ली फिरवल्याशिवाय बाहेरची जोडणी सुरू होणार नाही. मग प्रत्येक माणसाचं स्वतंत्र खातं, दुहेरी पडताळणी, ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होणं हे सगळं त्यावर चढवावं. कोणी, कधी, का आत आलं हे शिफ्टच्या माणसाला माहीत असणं यासारखी दुसरी राखण नाही.

दुवाच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी वायासॅट कंपनीच्या उपग्रह सेवेचे हजारो मोडेम हल्लेखोरांनी आतली मेमरी खोडून निकामी केले. त्याचा फटका युक्रेनबाहेरही बसला आणि एनरकॉन या जर्मन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनिरीक्षण बंद पडलं. पवनचक्क्या मात्र फिरत राहिल्या, कारण संपर्क तुटला तरी आपलं आपण चालण्याची त्यांची रचना होती. नेटवर्कचं उपकरण निवडताना 'हे नसेल तर मशीन काय करील?' याचं उत्तर आधी लिहून ठेवावं. उत्तर 'थांबेल' असं असेल तर पैसा आधी कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये घालावा.

नोंदींविषयी थोडक्यात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता सांगणारा अहवाल मांडला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितलं. तो वाद इथे सोडवायचा नाही. आपल्या कारखान्यात अशी वेळ आली तर आपल्याकडे काय पुरावा असेल, एवढंच पाहायचं. स्विचला आपल्या नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवता आल्या पाहिजेत, आणि सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस राखाव्या लागतात. वीज गेली की स्मृती गमावणारा डबा या कामाचा नाही.

हे सगळं वाचून बारा-पंधरा मशीनच्या वर्कशॉपचा मालक म्हणेल, की हे मोठ्यांचं काम आहे. मी त्याला तीनच खर्च आधी करायला सांगतो: ऑफिस आणि शॉपफ्लोअर यांच्यामध्ये एक बरी औद्योगिक फायरवॉल, बाहेरून येणाऱ्या जोडणीवर किल्ली, आणि एक तयार स्पेअर. पासवर्ड बदलायला पैसे लागत नाहीत. उरलेलं दरवर्षी थोडं थोडं करता येतं. सरकारी पाणीयोजनांमध्ये अडचण वेगळी आहे, तिथे सर्वांत कमी बोली लावणारा जिंकतो. म्हणून वर सांगितलेले प्रश्न तांत्रिक पात्रतेच्या अटींमध्येच घालायला हवेत. दरपत्रक उघडल्यावर त्यांना काही अर्थ उरत नाही.

पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात अशा अटींचा मसुदा दिला आहे, आणि त्याला जोडून माल साइटवर आणण्याआधी टेबलावर करायच्या चाचण्या आहेत: रिंगची केबल ओढून लागणारा वेळ मोजणं, एक वीजपुरवठा काढणं, उघडी पोर्ट स्कॅन करून माहितीपत्रकाशी ताडून पाहणं, तिसऱ्या पाळीतल्या माणसाकडून लॅपटॉपशिवाय स्पेअर बदलून घेणं. मसुदा जसाच्या तसा उचलू नका. त्यातली काही कलमं उपकेंद्राला लागतील, साखर कारखान्याला लागणार नाहीत. आपल्या नकाशाला धरून ती बदला, आणि तो नकाशा काढायला बसाल तेव्हा मेंटेनन्स आणि आयटीच्या माणसांबरोबर खरेदी विभागातल्या माणसालाही पहिल्याच दिवशी बोलवा.